सासऱ्यांच्या घड्याळाची खोट

१ फेब्रुवारी, रविवार

साडू म्हणाला, "सेलचं खेळणं!" सगळ्यांदेखत! आणि वर मनगट हलवून दाखवलं. हा दातांचा डॉक्टर. याचं घड्याळ ऑटोमॅटिक — हात हलला की चालतं. म्हणून हा जेवताना, बोलताना, बहुतेक दात उपटतानासुद्धा हात हलवत असतो. मी त्याचं नावच ऑटोमॅटिक ठेवलंय. मनातल्या मनात.

झालं असं की बाबांनी (माझे सासरे) कपाट आवरताना त्यांचं जुनं क्वार्ट्झ घड्याळ बाहेर काढलं. पंपघरात नोकरीला होते तेव्हा घेतलेलं. हातात घेतलं आणि माझं भानच हरपलं. बिस्किटाएवढं पातळ! स्टीलचा पट्टा असा बसवलेला की घड्याळ कुठे संपलं आणि पट्टा कुठे सुरू झाला ते कळू नये. कडा अजून धारदार — कुण्या शहाण्याने पॉलिश मारून त्यांची वाट लावलेली नाही. आणि सेकंदकाटा! दर टिकेला नेमका रेघेवर. अलीकडे नाही, पलीकडे नाही. जुनं क्वार्ट्झ पारखायचं ते इथे. स्वस्तातल्या घड्याळांचे काटे दारू प्यायल्यासारखे वाट्टेल तिथे पाऊल टाकतात.

मग मी जरा व्याख्यानच दिलं. (बायको म्हणते, जरा?) आम्ही शौकीन लोक घड्याळ वापरात नसलं की कडेची चावी बाहेर ओढून ठेवतो, म्हणजे काटे थांबतात आणि सेल टिकतो, हेही सांगितलं. बाबांनी ते दोनदा विचारून घेतलं. या वयात शिकायची केवढी हौस!

"मग कुणाला हवंय हे?" बाबा म्हणाले.

मी म्हटलं, मला. ऑटोमॅटिक म्हणाला, मला! आत्ता खेळणं म्हणत होतास ना रे बाबा? पण नाही. मला मिळू नये, एवढंच त्याचं.

बाबांनी घड्याळ माझ्या हातातून परत घेतलं. मग म्हणाले, "यात एक खोट आहे. मधूनच मागे पडतं. का पडतं ते जो सांगेल, त्याचं घड्याळ."

माझंच झालं म्हणायचं!

४ फेब्रुवारी, बुधवार

ऑफिसातून थेट बाबांकडे. सासूबाई गेल्यापासून ते एकटेच असतात. दार उघडायला आले तेव्हा हातात बुद्धिबळाची पेटी होती. आधी चहा, मग डाव, मग घड्याळ — हा त्यांचा क्रम.

आज मागचं झाकण उघडलं. अहाहा! सोनेरी यंत्र, बारीक बारीक माणकं, प्रत्येक भाग स्क्रूने बसवलेला. म्हणजे खोलता येतं, दुरुस्त करता येतं. हल्लीच्या पुष्कळ घड्याळांच्या पोटात प्लास्टिक. बिघडलं की फेका. सेलही गळलेला नाही. याला म्हणायचं घड्याळ! ऑटोमॅटिकच्या मनगटावर जो आहे तो पाळणा.

झाकण लावलं, माझ्या फोनशी वेळ जुळवली. बाबांनी घड्याळ ड्रॉवरमध्ये ठेवलं. "वस्तू माझी, हात माझा," म्हणाले. ठीक आहे. डाव झाला (हरलो). बाबांनी घड्याळ काढून दिलं — चांगला तासभर मागे! चालू होतं, काटा रेघेवर, पण तासभर मागे.

८ फेब्रुवारी, रविवार

आजही तेच. पण रात्रभर त्याच ड्रॉवरमध्ये असतं तेव्हा सकाळी बरोबर असतं, असं बाबा म्हणतात. मंगळवारी आणि शुक्रवारी ऑटोमॅटिक येऊन जातो, असंही म्हणतात. जाऊ दे. त्याला खोट काय कळणार? त्याला कीड कळते.

माझा संशय रेडिओवर. ड्रॉवरच्या अगदी वर असतो. स्पीकरमध्ये चुंबक!

९ फेब्रुवारी

रेडिओ निर्दोष.

११ फेब्रुवारी, बुधवार

"फ्रिजचा परिणाम होत असेल का हो?" बाबा म्हणाले. हे माझ्या कसं लक्षात आलं नाही? त्या भिंतीमागेच फ्रिज. मग मी तो एकट्याने ढकलत खिडकीपाशी नेला. बाबा खुर्चीत बसून सांगत होते, "थोडं डावीकडे... थोडं अजून... नको, उजवीकडेच बरं होतं."

घड्याळ मागे ते मागेच. माझी कंबर मात्र गेली.

१४ फेब्रुवारी, शनिवार

परवापासून घड्याळ (बाबांच्या परवानगीने) आमच्या घड्याळवाल्याकडे होतं. आज आणलं. एक सेकंद इकडे नाही की तिकडे नाही!

तो डोळ्यावरचं भिंगसुद्धा न काढता म्हणाला, "साहेब, क्वार्ट्झ असं तासभर मागे पडत नाही. चालतं नाहीतर बंद पडतं. घड्याळ ठणठणीत आहे. घरातली माणसं तपासा."

माणसं तपासा म्हणे! हसलो त्याला.

१५ फेब्रुवारी, रविवार

हसायला नको होतं.

आज नीट विचार केला. मी घरात शिरलो की घड्याळ थांबतं. मी निघायला उठलो की चालू होतं. जितका बसलो तितकं मागे! ड्रॉवर निर्दोष, रेडिओ निर्दोष, घड्याळ निर्दोष. उरलं कोण?

मी!

घरी येऊन मुलीच्या जुन्या खेळण्यांतलं होकायंत्र शोधलं. पोटाजवळ धरलं. सुई हलली!! छातीपाशी धरलं, कमी हलली. म्हणजे मूळ पोटात आहे.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुमच्यात चुंबक? गल्लीतलं कुत्रंसुद्धा तुमच्याजवळ येत नाही." आणि भाजी निवडायला लागली. अशा घरात विज्ञान कसं वाढणार?

ता.क. बाबांचा फ्रिज परत जुन्या जागी दिसला. विचारलं तर म्हणाले, "सरकला असेल."

१७ फेब्रुवारी, मंगळवार

मान खाली घालून ऑटोमॅटिकला फोन केला. पोटातल्या चुंबकाचं सांगितलं. म्हटलं, तुम्ही बसलेले असताना पण थांबतं का हो? पलीकडून जोराचा खोकला. म्हणाला, "थांबतं ना! पण तुमचं चुंबक जास्त जोरदार असणार, तुमचा बांधाच तसा आहे. एक करा. अंगावर लोखंडाचा कणही न ठेवता जाऊन बघा."

पहिल्यांदाच कामाचं बोलला.

२२ फेब्रुवारी, रविवार

बकल लोखंडी म्हणून पट्टा काढला. किल्ल्या काढल्या. प्लास्टिकच्या चपला घातल्या. चष्म्याची काडी धातूची, म्हणून चष्मा फाटकापाशी कुंपणावर ठेवला. एका हाताने पँट धरून आत गेलो. बाबांनी पँटकडे पाहिलं आणि मला खुर्ची ओढून दिली. थोर माणूस. एका हाताने डाव खेळलो. चष्मा नसल्यामुळे त्यांचा उंट माझा समजून चाललो, तेही त्यांनी चालवून घेतलं.

घड्याळ? दोन तास मागे.

निघालो. फाटकापाशी चष्मा घातला, तेव्हा आठवलं की पिशवी आतच राहिली. मागे वळलो. खिडकी उघडी होती. बाबा घड्याळ कानाशी धरून उभे होते. मग त्यांनी काटे फिरवून वेळ बरोबर केली, अंगठ्याने चावी आत दाबली आणि घड्याळाला म्हणाले, "चला, लागा कामाला. पाहुणा गेला."

चावी! मीच शिकवलेली चावी! ड्रॉवरमध्ये ठेवताना बाहेर ओढायची, मला देण्याआधी गुपचूप आत दाबायची आणि मी गेलो की वेळ जुळवून टाकायची. मी दिवसभर बाजारातले वजनकाटे तपासतो. दुकानदाराने काट्याखाली चिकटवलेला मेणाचा गोळा मला लांबून दिसतो. आणि सासऱ्याने नाकाखाली काटे थांबवले ते दिसलं नाही!

अस्सा राग आला. आता आत जायचं, "चावी ओढता!" म्हणायचं आणि घड्याळ मनगटावर घालूनच बाहेर यायचं. दाराशी पोचलोही होतो. पण तेवढ्यात बाबा टेबलाशी बसले आणि सोंगट्या मांडायला लागले. माझी बाजू आधी. माझा राजा त्यांनी सदऱ्याला पुसून ठेवला.

आता मी बुधवारशिवाय येणार नव्हतो. ते त्यांना माहीत होतं.

मला एकदम भरून आलं. एका हातात पँट, डोळे पुसायला दुसरा हात, असा परत फाटकाशी येऊन उभा होतो. शेजारच्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाही का? म्हटलं, चुंबक आहे.

पिशवी तिथेच राहिली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

"बाबा, माझी अक्कल संपली. काही कळत नाही," असं सांगितलं.

"अरेरे," बाबा म्हणाले. "अवघडच खोट आहे." आणि असे खुलले की माझा वजीर खाऊन त्यांनी वर चहासुद्धा स्वतः केला. "टीव्ही हलवून बघायचा का?"

हलवला. खिडकीपासून दारापाशी.

एकच धास्ती आहे. ऑटोमॅटिकला चुकून कळलं तर? तो लगेच सांगून मोकळा होईल. घड्याळ तर जाईलच. पण मग बुधवारी जायचं कशासाठी?

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

ऑटोमॅटिकची दिशाभूल करायला मुद्दाम फोन केला. म्हटलं, दोष सर्किटमध्ये आहे, फार खोल, वर्षभर तरी सापडत नाही. तो इतका हसला की मला फोन लांब धरावा लागला. मग म्हणाला, "साडूभाऊ, चावी मी पहिल्याच मंगळवारी पाहिली. बोलायचं नाही. बुधवार-रविवार तुमचे, मंगळवार-शुक्रवार माझे. आणि जरा हलकं सामान हलवत जा हो, तो फ्रिज परत जागेवर मला न्यावा लागला."