डाव्या चाकाची गुणगुण

६ फेब्रुवारी, गुरुवार

धाकट्या भावाच्या गॅरेजमधून गाडी आणली. दोन वर्षं भोक पडलेला सायलेन्सर अखेर बदलला. गाडी आता रस्त्यावरून नव्हे, गादीवरून चालल्यासारखी चालते. इतकं शांत की मला माझंच भाषण स्वच्छ ऐकू येत होतं. रविवारच्या सभेसाठी ते मोठ्याने म्हणून पाहत होते.

पण चाळीसच्या पुढे काटा गेला आणि खालून कुठून तरी – घूंऽऽ. लांबच्या विहिरीत तोंड घालून कुणी गुणगुणावं तसं. हा आवाज माझ्या गाडीचा नाही. परवापर्यंत नव्हता.

किल्ली देताना धाकटा काहीतरी सांगत होता. माझं डोकं भाषणात. "बरं बरं," म्हटलं. त्याने हातात कागद कोंबला, कामाची पावती असणार. पर्समध्ये टाकला आणि निघाले.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

घूंऽऽ. आज दिवसभर. गाडी बंद केल्यावरही कानात.

८ फेब्रुवारी, शनिवार

धाकट्याला फोन केला. म्हटलं, तुझ्या हातून येताना गाडी नवा आवाज घेऊन आली आहे. तर म्हणतो कसा, "ताई, मला सांगायचं ते मी सांगितलंय. तू गाडी कधी आणतेस ते बोल."

एवढंच. ना विचारपूस, ना दिलगिरी. वर हा ताठा! बहिणीशी असा बोलतो, मग गिऱ्हाइकाशी कसा बोलत असेल?

आयुष्यभर मी कष्टकऱ्यांची बाजू घेतली. पण ज्याच्या हाताला दाम मिळतो त्याच्या हाताला इमानही हवं, हे म्हणायला कचरायचं कशाला? डोक्यातलं भाषण बाजूला सारलं. पर्समध्ये हाताला लागला त्या कागदाच्या पाठीवर नवे मुद्दे काढले. कोऱ्या वहीत मला कधी सुचत नाही. कशाची तरी मागची बाजू लागते. लग्नपत्रिका, औषधाचं खोकं, काहीही.

९ फेब्रुवारी, रविवार

वाचनालयाचं सभागृह भरलं होतं. शेवटी म्हणाले, "ज्याने माझी गाडी बिघडवली तो माझ्याच रक्ताचा आहे. म्हणून मी गप्प बसू?" टाळ्या थांबेनात.

धाकटा मागे भिंतीला टेकून उभा होता. माझ्या सभेच्या खुर्च्या तोच लावतो, आज बावीस वर्षं. सभा संपल्यावर त्याने सगळ्या मिटल्या, एकावर एक रचल्या आणि गेला. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

पाहील कसा? मन खात असेल.

१० फेब्रुवारी, सोमवार

त्याचा फोन नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

नवरा बाजारातून आला. पिशवी ठेवता ठेवता म्हणाला, "सभापती, भाषण फळाला आलं. शाळेच्या व्हॅनवाल्याने गाडी धाकट्याकडून काढून दुसरीकडे नेली. रिक्षावालेही तेच बोलतायत. सख्खी बहीण सांगते म्हणजे खरंच असणार, म्हणे."

मी भाजी निवडत राहिले. पिशवी रिकामी करत तो म्हणाला, "तो आवाज तू नीट ऐकलायस का?"

"आठवडाभर तेच ऐकतेय."

"ऐकतेस कुठे? गाडीत बसलीस की तुझी सभा सुरू होते. इंजिनालासुद्धा तू मधे बोलू देत नाहीस."

 

१३ फेब्रुवारी, गुरुवार

सकाळी दोघं तलावाकाठच्या सरळ रस्त्यावर गेलो. अट त्याची – तासभर मी तोंड उघडायचं नाही.

किती गोष्टी बोलत असतात! सीटबेल्टचं बक्कल टुकटुकतं. काचेच्या फटीतून वारा शीळ घालतो. पाण्यावर धुकं होतं, रस्ता मधेच त्यात विरून जायचा, आणि त्या पांढऱ्यात खालून ती गुणगुण. रागाची वाटेना. आईला भाकरी थापताना सवय होती, शब्द नसलेलं काहीतरी गुणगुणायची, तसं काहीसं. ती गेल्यानंतर ते मी कधी आठवलं नव्हतं. आज आपसूक आलं.

नवऱ्याने खूण केली. गाडी न्यूट्रलला टाकली. इंजिनाचा सूर खाली बसला, गुणगुण तशीच. म्हणजे इंजिन नव्हे. मग वळणं. डावीकडे वळले की ती विरायची, उजवीकडे वळले की भरून यायची. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. ग्रंथालयातून मोटारदुरुस्तीचं जाडजूड पुस्तक आणलंय, त्यात हे आहे. पान एकशे चौदा.

परतताना तो म्हणाला, "लग्नाला एकोणतीस वर्षं झाली. तुझ्याबरोबर एवढं गप्प आज पहिल्यांदा बसलो. बरं वाटलं."

मलाही. 

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

अंगणात जॅक लावून डावं पुढचं चाक उचललं. नवरा चाक फिरवत होता, मी चाकामागच्या स्प्रिंगवर बोटं टेकली. आत वाळू भरडावी तशी थरथर. उजव्या चाकाला काही नाही.

डाव्या चाकाचं बेअरिंग. वर्षभर तरी झिजत असणार. धाकट्याने त्याला हातही लावलेला नाही. सायलेन्सर मागे, हे चाक पुढे. फुटक्या सायलेन्सरच्या गोंगाटाखाली ते एकटंच गात राहिलं होतं. त्याने गोंगाट काढला. बस्स.

१५ फेब्रुवारी, शनिवार

झोपेतून उठले तीच गुणगुण कानात घेऊन.

चूक झाली, कबूल. उद्या सभेत तसं सांगेन. पण एक म्हणेनच – आवाज जुना होता, तर मला सांगायला काय झालं होतं? कामाइतकीच बोलण्याचीही जबाबदारी असते. यावरही दहा मिनिटं सहज बोलता येईल.

१६ फेब्रुवारी, रविवार

नेमके काय शब्द वापरले होते ते पाहावं म्हणून सकाळी मागच्या रविवारचे मुद्दे शोधले. मोटारीच्या पुस्तकात खूण म्हणून ठेवले होते. कागद पहिल्यांदाच उलटा केला. पावती नव्हती. धाकट्याचं अक्षर –

"ताई, तू भाषणाच्या नादात ऐकायची नाहीस म्हणून लिहून देतो. सायलेन्सर झाला. आता पुढच्या डाव्या चाकाची घरघर ऐकू येईल. ती जुनीच आहे, घाबरू नकोस. पण आठवड्यात गाडी आण, लांब जाऊ नकोस. बेअरिंग मागवलंय."

सभागृहात गेले तर खुर्च्या लावलेल्या होत्या.

उभी राहिले. ही चिठ्ठी मोठ्याने वाचली. खाली बसले. दुसरा शब्द बोलले नाही. टाळ्या पडल्या नाहीत. मागून खुर्च्या मिटण्याचा आवाज येईपर्यंत ऐकत बसले.