पोळ्यापर्यंत ठणठणीत

२ ऑगस्ट, संध्याकाळी
अकोल्याहून आलो. सगळे रिपोर्ट नॉर्मल! रक्त नॉर्मल, एक्स-रे नॉर्मल, म्हणजे मीही नॉर्मल. तरी डॉक्टरनं एक नाव लिहून देल्लंच, फायब्रोमायल्जिया. अंगभर दुखेल, झोप लागणार नाई, थकवा येईल, आन् हे आता राहणार, म्हणे. राहणार म्हणजे? पाहुणा हाय का? रात्री गोळी घ्या, हळूहळू चाला, जड काम करू नका. डॉक्टर कसला, कालचं पोरगं. जे मशीनले दिसत नाई तो कायचा रोग?

बसमध्ये कौशल्या म्हणे, औंदा पोळ्याले आपल्या पोराले, कुलदीपले, पुण्याहून बोलवू, बैलजोडी तो नेईल. मी खिडकीबाहेर पाहत बसलो. डोणगावात भगवंतरावची जोडी तोरणाखालून दुसऱ्याच्या हातानं गेली नाई, जाणारही नाई. तोपर्यंत ठणठणीत होऊनच दाखवतो.

४ ऑगस्ट
पहाटे उठून शेतापर्यंत चालायचं ठरवलं होतं. जाग आली, उठता आलं नाई. रातभर कोणी मुसळानं कुटल्यासारखं अंग. गादीचा दोष हाय. म्हशीची धार कौशल्यानं काढली, वर इचारते कशी, गोळी घेतली का? हो म्हटलं. घेतली नाई. सवय लागली म्हणजे?

७ ऑगस्ट
मोबाईलवर रोग शोधला. बहुतेक बायांले होते म्हणे! सगळी हिस्ट्री डिलीट मारली. शेजारच्या उकंडरावले सांगतलं, नस दबली. नस गडीमाणसाची बी दबते.

९ ऑगस्ट
उकंडराव म्हणे, तब्येत तं पहिलवानावाणी दिसून राह्यली बे, आन् पाठीवर धपका हाणला. मी हसलो. घरापर्यंत डोळे पुसत आलो. काऊन दिसत नाई हे दुखणं कोणाले? हात मोडला असता तं अर्धं गाव भेटाले आलं असतं.

१० ऑगस्ट
आयडिया! मेडिकलमधून पट्टी आणली. पण बांधू कुठं? सगळंच दुखते. शेवटी डाव्या मनगटाले बांधली, थेच जरा बरं होतं. दिवसभर लोकं इचारून राह्यले, भगवंतराव, काय झालं? लय बरं वाटलं. रातच्याले मनगटही दुखाले लागलं.

१४ ऑगस्ट
परवा खताचं पोतं उचलून पाह्यलं. उचललं! थोडं नेलंही. तवापासून खाटेवर हाय. कौशल्या तडकली. म्हणे, तुमी बरं व्हायचं नाटक करता आन् निस्तरा लागते मले. धार मी, सरकी मी, फवारणीच्या मजुरांमागं मी. बिमारी परवडली, तुमचा हेका नाई. मी म्हटलं, तुले मी बिमारच पाह्यजे. मंग ती रडली. मी भिंतीकडं तोंड केलं.

दार उघडं हाय, पाय शाबूत हायेत, आन् खाटेवरून उतरता येत नाई. आपल्याच अंगात कोणी कोंडून बाहेरून कडी लावल्यावाणी वाटते. लय भेव वाटते. हे सांगाव कोणाले?

१८ ऑगस्ट
कुलदीपचा फोन. सुट्टी भेटत नाई म्हणे. बरंच झालं.

सराव सुरू. कासऱ्याचं एक टोक निंबाच्या झाडाले बांधलं, दुसरं धरून ओढलं. झाड हाललं नाई, म्हणजे माही पकड मजबूत हाय. सायंकाळी कंगवा धरवला नाई. केस तसेही कमीच हायेत.

२१ ऑगस्ट, खांदशेकणी
बैल मजुरानं धुतले, देखरेख माही. दिवेलागणीले तूप-हळद कोमट केली, पळसाचं पान घेतलं आन् हरण्याचा खांदा चोळाले लागलो. वर्षभर जू वाहून कसा घट्टा पडला बिचाऱ्याले! दोनचार डाव पान फिरवलं, मंग हात वर होईना. पान खाली पडलं. म्हटलं, तूप थंड झालं. कौशल्यानं वाटीत बोट घालून पाह्यलं, पान उचललं. हरण्याचे, पाखऱ्याचे, दोघायचेही खांदे तिनंच शेकले. दरसाल मी बैलायले म्हणतो थे तिनंच म्हटलं, आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.

मंग उरलेलं तूप घेऊन माह्यामागं आली. सदरा सरकवला. दाबलं नाई, चोळलं नाई, नुसतं पान फिरवत राह्यली. तिले कसं समजलं दाबाचं नाई म्हणून? मी रडलो. धुराचं नाव सांगाव तं चूल कवाचीच इझली होती.

२२ ऑगस्ट, पोळा
जोडी कौशल्यानं नेली. डोक्यावर पदर, हातात कासरा. काही लोकायनं तोंडं वाकडी केली. मी तोरणापाशी खुर्चीवर. उकंडराव म्हणे, घरधनी बसला आन् बाई बैल नेते, हे काय नवीन? सांगतलं त्याले. नाव सांगतलं, हे राहणार हाय थेही सांगतलं. मंग तो आपली खुर्ची माह्याजवळ ओढून बसला. पाठीवर हात मारला नाई.

हरण्या-पाखऱ्या तिच्यामागं कसे गरीब गायीवाणी गेले! माह्यासंगं दरसाल उधळतात.

जेवताना कौशल्याले म्हटलं, पुढच्या पोळ्यालेही तूच ने जोडी. बरं, म्हणे.

एकडाव तरी नाई म्हणाले पाह्यजे होतं तिनं.