डावखुरा नायक

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं झाली, तरी आपलं भांडण काही मिटलेलं नाही. तो सिनेमा थिल्लर नव्हता. काल टीव्हीवर लागला, तर माझी लेकही तुमच्याच सुरात म्हणाली, "काय पांचट आहे गं आई!" आणि मी हातातली भाजी टाकून भांडायला उभी राहिले.

आठवीत तुम्ही वर्गात नाक मुरडलंत, "घरमालकाच्या लेंग्यात उंदीर सोडायचा, याला विनोद म्हणतात?" म्हणून आवडत्या कलाकृतीवर निबंध सांगितलात तेव्हा मी मुद्दाम तोच सिनेमा घेतला. आमच्या घाटकोपरच्या चाळीतल्या गणपतीत गल्लीत पडदा बांधून तो दाखवला होता. बाबांच्या गिरणीचा संप चालू होता. पुढे सतरंजीवर बसलं की जो तो विचारणार, "काय रे, मिटतोय का संप?" ते नको म्हणून बाबा मला घेऊन पडद्यामागे बसले. तिथूनही चित्र दिसायचं, फक्त डावं-उजवं उलटं. पाट्यांवरची अक्षरं उलटी आहेत हे मला कळलं, पण माणसांचे हातही उलटे दिसत असतील हे काही डोक्यात आलं नाही. पडद्यावर उंदीर सुटला आणि बाबा हसले. कितीतरी महिन्यांनी हसले, मांडीवर थापा मारत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. त्या नायकाला कोणी नावं ठेवलेली मला कशी खपणार होती?

निबंधात मी ऐटीत लिहिलं की नायक डावखुरा आहे. तुम्ही सगळ्यांसमोर विचारलंत, "डावखुरा? पडद्यामागे बसली होतीस का गं?" वर्ग खिदळला. मला बाबांची लाज वाटली आणि लाज वाटल्याचा रागही आला. "नाही बाई, थेटरात पाहिला," मी ठणकावलं. तुम्ही हळूच म्हणालात, "बस." वहीत लाल शाईत शेरा होता, "निबंध उत्तम. मत मान्य नाही."

काल बघते तर नायक उंदीर उजव्याच हाताने सोडतो. म्हणजे बाई, तुम्ही तो थिल्लर सिनेमा चांगला डोळे लावून पाहिला होतात! हसलात ना? खरं सांगा.

पत्र टाकायला तुमचा पत्ता नाही, म्हणून माझंही एक कबूल करून टाकते. आख्खा सिनेमा पाठ आहे असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. पण उंदरानंतरचा भाग मी काल पहिल्यांदाच पाहिला. तेव्हा मी शेवटपर्यंत बाबांच्या तोंडाकडेच बघत बसले होते.