बदकांत नर का आणला नाही

आदिलाबाद,
गुरुवार, २१ नोव्हेंबर २०२४

चि. चंचल हिस,

आशीर्वाद. इकडे सर्व ठीक. गुडघे दुखतात, पण सहासष्टाव्या वर्षी त्यांनी दुखू नये अशी माझी अपेक्षाही नाही. बाजाराकडच्या रस्त्यावर कापसाच्या गाड्यांची रांग लागली आहे, त्यामुळे राजकुमारची जीप रोज उशिरा सुटते. उद्या तो तुमच्या गावी, बोथला, येईल तेव्हा हे पत्र तुझ्या हातात देईल. तुझ्याच हातात, तुझ्या भावजयीच्या, सोजरबाईंच्या नाही, असं त्याला दोनदा बजावलं आहे.

तुझं पत्र सोमवारी मिळालं. वाचून असा संताप आला की चहा तसाच राहिला. "ताई, तुमची बारा अंडी वाया घालवली, माफ करा, माझा हातच तसा आहे." हे तू मला लिहितेस? अकरा वर्षांनी पहिलं पत्र, आणि त्यात माफी?

आधी बदकांचं सांगते.

निवृत्त झाल्यावर मी परसात चार बदकं पाळली. चारही माद्या. सिमेंटच्या हौदात डुंबतात, माझ्या पालकातल्या गोगलगायी खातात आणि पहाटेपासून असा कलकलाट करतात की अलार्म लावावा लागत नाही. नर नाही म्हणून मी त्यांना कॉन्व्हेंट म्हणते. आमच्या शाळेतल्या नन सिस्टर्सनी ऐकलं असतं तर हातावर पट्टी बसली असती. नर नसला तरी मादी अंडी घालते, पण त्यातून पिल्लू निघत नाही. बत्तीस वर्षं मी हेच फळ्यावर लिहून शिकवलं. तुला दिलेली अंडी मी खायला पाठवली होती. तू ती खुडूक कोंबडीखाली ठेवशील हे माझ्या डोक्यातही आलं नाही. सोबत एक ओळ लिहिली असती तरी पुरे होतं. पण ओळ लिहायला बसले असते तर पुढचंही लिहावं लागलं असतं, म्हणून मी नुसती टोपली पाठवली.

तू अठ्ठावीस दिवस मोजलेस, वर तीन दिवस थांबलीस, मग अंडी फोडलीस तर आत काहीच धरलेलं नव्हतं. कसं धरेल? तुझा, कोंबडीचा, कोणाचाच दोष नव्हता. आणि तुझी ती भावजय म्हणते, "चंचल, तुह्या हातचं काही फळतच नाही वो. मयूरीच्या ओटीले तू मांगंच राह्य." जिला तू दहा वर्षांची असल्यापासून वाढवलंस त्या भाचीच्या ओटीला! सोजरबाईंना चौथीच्या वर्गात पुन्हा बसवायला हवं.

पाहा, अजून मी सोजरबाईंवरच बोलते आहे. दुसऱ्याच्या चुका तपासायची सवय जात नाही.

मंगळवारी सकाळच्या बसने मी तामसीला गेले. बयनाबाईकडे बदकं आहेत, माझी चारही तिच्याचकडची. म्हटलं, नर आणावा. महिनाभरात पुन्हा बारा अंडी पाठवावीत, तुझ्याच हाताने ठेवावीत, पिल्लं निघावीत आणि सोजरबाईंचं तोंड बंद व्हावं. मला काही बोलावं लागणार नाही. खरं सांगायचं तर मला तेवढंच हवं होतं.

बयनाबाईने नर धरून दाखवला. शेपटीवर वळलेलं पीस, घसा बसल्यासारखा आवाज. मी उगाच खोडी काढत बसले. चारच माद्यांत एक नर सोडला तर तो त्यांच्या मानेची पिसं उपटतो, हौद लहान आहे, असं आणि तसं. ती हसायला लागली.

"मास्तरीणबाई, जावई पाह्यला आल्या का बदक? काऊन इतका विचार करून राह्यल्या?"

मग मी तिला अंड्यांची हकीकत सांगितली. तुझं नावही सांगितलं. तिला फार आनंद झाला.

"मंग नेऊनच टाका! पिल्लं निंगाली की लोकं आपसूक म्हनतीन, चंचलचा हात सुधरला."

चंचल, माझ्या हातातली टोपली मी तिथेच खाली ठेवली. हात सुधारला म्हणतील. म्हणजे आधी तो वाईट होता हे कायमच राहील. बारा पिल्लं निघाली तरी तुझी सुटका होणार नाही, माझी मात्र होईल. नर मी आणला नाही. रिकाम्या हाताने परतीची बस धरली.

आता जे लिहायचं ते लिहिते.

नागपूरहून तुझे आणि भूषणचे, मूल का होत नाही त्या तपासणीचे कागद आले तो दिवस तुला आठवत असेल. डॉक्टरांनी दोघांना समोर बोलावलं होतं, पण दुकान बंद ठेवायचं नाही म्हणून भूषणने पाकीट टपालाने मागवलं. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी. आई म्हणाली, "सुनयना, वाचून सांग." तू दारात गवारीच्या शेंगा मोडत होतीस. मी दोन्ही कागद वाचले, मग पुन्हा वाचले. तुझ्यात काहीही दोष नव्हता. दोष भूषणमध्ये होता, आणि तो बरा होण्यासारखा नाही असं स्पष्ट लिहिलं होतं.

मी म्हणाले, "भूषणचं सगळं ठीक आहे."

तू मला विचारलंस, "ताई, मंग माह्यावर काही इलाज असंन ना?" मी म्हणाले, नाही.

आई आजारी होती, भूषण एकुलता, घराण्याचं नाव, अशी कारणं मी अकरा वर्षं स्वतःला सांगत आले. खरं कारण एवढंच की तो माझा धाकटा भाऊ होता आणि तू बाहेरून आलेली. सहा महिन्यांत तुझी फारकत झाली. भूषणचं दुसरं लग्न झालं, तिथेही मूल नाही. त्याचाही ठपका तुझ्यावरच आला, तुझा तळतळाट लागला म्हणे. मी त्या वेळीही समोर बसून पापड लाटत होते.

काल दुपारी दुकानात जाऊन भूषणला सांगितलं. त्याने तराजूवरचं वजन काढून खाली ठेवलं. मग म्हणाला, "आईले माहीत होतं?" मी म्हणाले, नाही, मलाच. "मंग तू मले काऊन नाही सांगितलं ताई? मी का लहान होतो?" त्याने भर दुपारी शटर ओढलं आणि मी बाहेर उभी राहिले. त्याच्या बायकोला तो आज सांगणार आहे.

फोन केला नाही, कारण फोन तू एकटीने ऐकला असतास. हा कागद सगळ्यांना ऐकता येईल. सोबत दोन्ही रिपोर्ट आहेत, त्याच दिवशी मी ठेवून घेतलेले, मूळ, झेरॉक्स नाहीत. मयूरी कॉलेजात शिकली आहे, इंग्रजी वाचते. तिलाच मोठ्याने वाचायला सांग. सोजरबाई समोर असू देत. माझ्यावर विसंबू नका, मी एकदा वाचून दाखवलं आहे.

ओटी रविवारी आहे ना? मी सकाळच्या गाडीने येते. मला मयूरीची ओटी भरायची नाही, ती तू भरायची आहेस. तुझ्या भावाच्या अंगणात चार बायका जमल्या की त्यांच्यासमोर मी हे तोंडाने बोलणार आहे. तू दार लावून घेतलंस तर बाहेरून बोलेन, माझा आवाज बत्तीस वर्षांत शेवटच्या बाकापर्यंत गेलेला आहे.

क्षमा मागत नाही. तू देऊन टाकशील, तुझा स्वभावच तसा आहे, आणि मला ती इतक्या स्वस्तात नको.

तुझी ताई असं लिहायचा हक्क मी त्याच दिवशी घालवला, म्हणून,

तुझ्या कागदाचं खोटं वाचन करणारी,
सुनयना