सतरा सूप पाच

मंगळ., ११ नोव्हें.
पुण्याहून संपादकांचा फोन. बाईंच्या गणिताच्या पुस्तकातलं चौथं प्रकरण अडलंय. 'ते सुपाचं चिन्ह कुठल्याच फाँटमध्ये नाही. बाकीसाठी सगळे इंग्रजीत लिहितात तसं सरळ मॉड लिहून टाका.' म्हटलं, बघते करून. 'मॉड ना?' नाही, सूप.
खालापूरच्या शाळेत बाईंनी आम्हाला बाकी शिकवली ती सुपावर. सतराला पाचाने पाखडा, पाच-पाचाचा कोंडा उडून जातो, सुपात उरतात दोन. फळ्यावर दोन आकड्यांच्या मध्ये छोटंसं सूप काढायच्या. सतरा सूप पाच बरोबर दोन! अख्खा वर्ग एका सुरात. आता बाई निवृत्त, त्यांचं पहिलं पुस्तक, आणि ते संगणकावर जुळवतेय मी. दुसऱ्या कोणाला जमणारेय?

गुरु., १३
दोन तिरक्या रेघा, एक उभी. लाटेकने, म्हणजे मी गणितं जुळवते त्या संगणकप्रणालीने, निमूट घेतलं, पण चिन्ह आकड्यांना चिकटून बसलं. मग त्याला सांगितलं, बाबा रे, हे अक्षर नाही, बेरजेसारखी क्रिया आहे. लगेच दोन्हीकडे ऐसपैस जागा. घातांकात मात्र लहान व्हायला तयार नाही. आकडे मुंगीएवढे, सूप घमेल्याएवढं. डोकं फिरलं. भात करपला.

शुक्र., १४
जमलं!! घातांकातही मापात. चिन्ह उमटवायच्या आज्ञेचं नाव ठेवलं \सूप.
स्कूटीवरून खालापूर. बाईंच्या हातात छापील पान दिलं. चष्मा वर, चष्मा खाली, मग हसायलाच लागल्या. 'अगं, सुपाचं तोंड तुझ्याकडे? सगळा कोंडा डोळ्यात जाईल की!'
खरंच. लिहिणारा डावीकडून येतो, म्हणजे पाठ डावीकडे हवी, तोंड उजवीकडे. भातशेतीवाल्याची पोर मी, आणि हे. घरी कोणाला सांगितलं नाही.

सोम., १७
उलटवून पाठवलं तर संपादक म्हणे, 'हे उपसंचाचं चिन्ह झालं.' बोलणं रास्त. म्हणून पाठीला दुहेरी रेघ दिली, सुपाची बांधलेली कड असते तशी, आणि तोंड अजून फाकवलं. आता म्हणून दाखवा उपसंच.
पान लांबून बघितलं, जवळून बघितलं. देखणं झालंय. माझं मीच म्हणते. कल्पना बाईंची, वळण माझं.

बुध., १९
दहिवलीत भाजी घेताना वंदी भेटली. शाळेत एका बाकावर होतो, आता कळंबला असते. तिच्या लेकीने पेपरात सूप काढलं. 'मीच शिकवलं गं तिला. आमी तसंच शिकलो ना? तर टीचरनी चूक दिली. बोलते, पुस्तकात नाय, मग हे काय हाय?'
म्हटलं, पुस्तकात येतंय आता. ऐटीत सांगून बसले. कोणाच्या जिवावर, देव जाणे.

शुक्र., २१
प्रकाशकांना चिन्ह नकोच. 'शाळा विचारतील, हे कुठून आणलं.' बाईंना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग, 'मॉडच घालायचं असेल तर ते प्रकरण काढून टाक गं. बाकीचं छापू देत.'
ते प्रकरण म्हणजेच तर पुस्तक! बाईंचा आवाज इतका शांत कधी ऐकला नव्हता. फोन ठेवून रडले.

रवि., २३
उद्या प्रकाशकांची बैठक. संपादक जरा आपल्या बाजूचे दिसतात. म्हणाले, 'दोन फाइली द्या, एक सुपाची, एक मॉडची. समोर ठेवतो, पुढे त्यांची मर्जी.'
मॉडची करायला कितीसा वेळ? सगळीकडे \सूप हीच आज्ञा आहे. तिच्या व्याख्येची एक ओळ बदलली की पुस्तकभरची सुपं जाऊन मॉड येणार. त्या ओळीवर कर्सर नेऊन बसले. चहा गार झाला.
एकच फाइल पाठवली, सुपाची. सोबत लिहिलं, दुसरी माझ्याच्याने होणार नाही.