शंखातल्या खेकड्याला गावाबाहेर काढण्याबाबत

प्रति,
मा. तहसीलदारसाहेब,
तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग.

अर्जदार : सदानंद जयराम आजगावकर, मुख्याध्यापक, प्राथमिक शाळा, मौजे खारवेळ. सध्या मुक्काम धाकटा जुवा, खारवेळसमोर, समुद्रात.

दिनांक : १७ जानेवारी १९८६

विषय : अर्जदाराच्या राहत्या घरात अनवधानाने राहिलेला एक जिवंत खेकडा शासकीय कर्मचाऱ्यामार्फत गावाच्या सीमेबाहेर काढून मिळणेबाबत.

संदर्भ : गावचे घाडी श्री. बाबली यांनी काल कौल घेऊन दिलेला तोंडी निर्णय.

आदरणीय महोदय,

खडकावर बसून, मांडीवर पाटी ठेवून हा अर्ज लिहीत आहे. वारा कागद धरू देत नाही, तरी अक्षराबद्दल आधीच क्षमा असावी. विषय वाचून आपण हा अर्ज बाजूला ठेवाल अशी मला भीती आहे. कृपया ठेवू नये. प्रकरण गंभीर असून त्यात सबंध गाव अडकला आहे.

१. आपण नुकतेच घाटावरून बदलून आला आहात असे कळते, म्हणून आमच्या गावपळणीविषयी थोडे सांगणे भाग आहे. दर काही वर्षांनी ग्रामदेवतेचा कौल होतो आणि सगळा गाव घरेदारे सोडून सीमेबाहेर जाऊन राहतो. माणसे, गुरे, कुत्री, कोंबड्या, सगळी जातात. गाव तेवढे दिवस देवाचा असतो. सीमेवर जो पाषाण आहे त्याला हात लावून प्रत्येक घरचा कर्ता सांगतो, की माझ्या घरात जीव म्हणून मागे राहिलेला नाही. तीन दिवसांनी त्याच पाषाणाला भिजवलेल्या कळ्या लावून घाडी कौल घेतात. उजवी कळी पडली तर घरी जायचे. डावी पडली तर थांबायचे. आम्ही थांबलो आहोत.

२. पूर्वी आम्ही खाडीपलीकडच्या माळावर उतरत असू. मागच्या खेपेस आमच्या शेळ्यांनी तिथली काजूची रोपे खाल्ली, त्यामुळे माळाच्या मालकाने यंदा कुंपण घातले. तेव्हा बाबली घाडी यांनी धाकट्या जुव्याकडे बोट केले. हे समोरचे लहानसे बेट. ओहोटीला गुडघाभर पाण्यातून गुरेसुद्धा पलीकडे जातात. त्यावर खडक, थोडे गवत, पलीकडच्या अंगाला एक विहीर आणि एक जुना उंडीचा वृक्ष एवढेच आहे. सर्वांनी माना डोलावल्या. मी एकट्याने हरकत घेतली. ती का घेतली हे पुढे सांगतो.

३. महोदय, गेली कित्येक वर्षे माझे रविवार या बेटावर जातात. उंडीवर समुद्रगरुडांच्या जोडीचे घरटे आहे आणि यंदा त्यात एक पिल्लू आहे. खाली पाण्याच्या कडेला शिंपले आणि वाळू घट्ट बसून झालेला दगड आहे. त्याला आपल्याकडे करल म्हणतात. या करलीत मला एक अश्मीभूत खेकडा सापडला आहे. दोन्ही नांग्या, आठही पाय, पाठीवरची नक्षी, सगळे शाबूत. इतका सुबक जीव दगडात उमटलेला मी जन्मात पाहिला नव्हता, आणि खोटे कशाला सांगू, त्या दिवशी मी वाळूत बसून रडलो. पुण्याच्या एका प्राध्यापकांना फोटो पाठविले. त्यांनी कळविले, की मी मार्चमध्ये येतो, तोवर दगड जागचा हलवू नये. तो मी हलविलेला नाही. दुर्दैवाने त्याच्यावर आता आमची चूल आहे.

४. होय, आमचीच. बेटावर उतरताच ज्याने त्याने वाऱ्याआडची जागा धरली. मी गरुडांच्या पिल्लाची काळजी करीत उंडीखाली उभा होतो. परत येतो तो माझी पत्नी सौ. सुनीती हिने नेमक्या त्या सपाट दगडावर तीन धोंडे मांडून विस्तव केलेला. मी सर्वांदेखत ओरडलो, की तिथे माझा दगड आहे. ती म्हणाली, "सगळोच जुवो दगडाचो. खंय मांडू चूल, पाण्यात?" पोरे हसली. तोवर घाडींचे गाऱ्हाणे, म्हणजे गावातर्फे देवाला घालायचे साकडे, घालून झाले होते, आणि गाऱ्हाणे घातल्यावर पळणीतली चूल घरी जाण्याचा कौल होईपर्यंत हलवायची नाही, अशी आमची रीत आहे. पुढे जे काही वाईट होईल ते चूल हलविणाऱ्यामुळे झाले असे धरतात. मी मुख्याध्यापक असलो तरी याच गावचा आहे. मी चूल तशीच राहू दिली.

५. परिणाम असा, की चुलीच्या धगीने करलीला तडा गेला आहे. तो कडेपासून निघून मागच्या पायांच्या दिशेने सरकतो आहे. रोज सकाळी राख बाजूला करून मी तो पाहतो. अजून थोडे दिवस पेज, आमटी आणि आंघोळीचे पाणी असेच तापत राहिले, तर समुद्राने एवढी युगे जपलेला जीव आमच्या संसाराने फोडला असे होईल. प्राध्यापकांना मी काय तोंड दाखवू?

६. कौल लवकर उजवा पडावा म्हणून मी देवाला मनोभावे नमस्कार करीत होतो. तो डावा पडला. पुन्हा घेतला, पुन्हा डावा. मग गावात कुजबुज सुरू झाली, की कोणीतरी घरात जीव ठेवून आले आहे. लवू गावकर याच्यावर पहिला संशय आला, कारण तो दिवसभर माझी दुर्बीण घेऊन स्वतःच्या माडांवरचे नारळ पाहत असतो. ती दुर्बीण मी पक्ष्यांसाठी घेतली आहे, हे मी त्याला दोनदा सांगितले. तो म्हणतो, नारळांवर कावळे बसतात, तेही पक्षीच. या लवूच्या पेजेच्या टोपात गरुडाच्या चोचीतून अर्धा समुद्रसर्प पडल्याने तो सध्या चिडलेलाही आहे. त्याची नुकसानभरपाई मीच द्यावी असे तो म्हणतो, कारण गरुड माझे.

७. परवा लवूच्या हातून दुर्बीण आमच्या शेजारच्या हौसाबाईंनी घेतली. आमचे घर किनाऱ्याला पहिले आहे आणि त्याची खिडकी या बेटाकडे आहे. हौसाबाईंनी थोडा वेळ पाहिले आणि एकदम ओरडल्या, "मास्तरांच्या खिडकेत शंख चलता गो!"

८. याचा खुलासा असा. दगडातल्या खेकड्याचे पाय ताडून पाहण्यासाठी मी किनाऱ्यावरचे तऱ्हेतऱ्हेचे खेकडे घरी आणीत असे आणि काम झाले की सोडून देत असे. त्यातला एक रिकाम्या शंखात घर करून राहणाऱ्या जातीचा होता. तो आत गेला तो बाहेर येईना. मी टिचकी मारली, हाक मारली, तांदूळ ठेवले. अखेर तो मेला असे समजून शंख शोभेसाठी खिडकीत ठेवला. पाषाणाला हात लावून मी 'जीव नाही' म्हटले ते पूर्ण विश्वासाने म्हटले. माझ्या हेतूविषयी आपण शंका घेऊ नये. घाडींनी घेतली आहे.

९. मी त्यांच्याशी वाद घातला. घरात पाली आहेत, मुंग्या आहेत, डास तर विचारू नका. त्यांचे चालते, मग एका खेकड्याने काय बिघडले? यावर बाबली घाडी शांतपणे म्हणाले, "पाल आपणाहून ऱ्हवता, मास्तर. कुर्लो तुमी हाडलात. हाडलेलो जीव तो घरचो." कुर्लो म्हणजे खेकडा, हाडलात म्हणजे आणलात. साहेब, यावर उत्तर आपल्याला सुचल्यास कळवावे.

१०. कौल होईपर्यंत गावकऱ्याने गावात पाऊल ठेवायचे नाही. शेजारच्या गावचे लोक भीतीने ठेवीत नाहीत. मागच्या पळणीत मात्र आमचे पोस्टमन शंकर, जे शेजारगावचे आहेत, खाकी कपडे घालून तार घेऊन गावातून गेले आणि त्यांना साधी शिंकही आली नाही. त्यावरून घाडींचे मत असे, की सरकारी कामावर असलेल्या माणसाला देव अडवीत नाही. मी शंकरना गळ घातली. ते म्हणाले, "पत्र असला तर घराक पोचवतंय. घरातला भायर काढूचा माझा काम नाय." खेकड्यावर तिकीट लावलेले असते तर विचार केला असता, असेही म्हणाले. ते नियमाने चालणारे गृहस्थ आहेत.

११. तरी विनंती अशी, की आपल्या कचेरीतील एक कर्मचारी, शक्यतो न घाबरणारा, उद्या दुपारच्या कौलापूर्वी खारवेळला पाठवावा. त्याच्याजवळ आपल्या सहीशिक्क्याचा हुकूम असावा. शिक्का ठसठशीत असावा, असा घाडींचा आग्रह आहे. सीमेवर त्याने 'सरकारी काम' असे मोठ्याने म्हणावे. घराची किल्ली सोबत जोडली आहे. शंख पाठीकडून धरावा, तोंडाकडून धरल्यास चिमटा बसतो. खिडकीतल्या बाकीच्या दगडांना हात लावू नये, ते सर्व मेलेले आहेत, यावेळी खात्रीने. खेकडा ओल्या फडक्यात गुंडाळून खाडीपलीकडे सोडावा. अलीकडे सोडल्यास तो परत येईल आणि आम्ही पावसाळ्यापर्यंत इथेच राहू. नंतर 'सदर घरात आणलेला जीव शिल्लक नाही' असा दोन ओळींचा पंचनामा करून द्यावा.

१२. शाळेबाबत चिंता नसावी. वर्ग बेटावर भरत आहेत. हजेरी शंभर टक्के आहे, कारण पळायला जागा नाही. अशी हजेरी माझ्या नोकरीत प्रथमच लागली आहे.

माझी मागणी एका दगडासाठी आहे हे मी लपवीत नाही. पण त्या दगडात जे आहे ते पुन्हा कुठे मिळणार नाही, आणि ते वाचविण्याचा माझ्यापाशी दुसरा मार्ग उरलेला नाही.

आपल्या माणसाची वाट पाहणारा,
घरदार असून बेघर झालेला आपला नम्र,
स. ज. आजगावकर

सोबत :
घराची किल्ली, सुतळीसह.
प्राध्यापकांच्या पत्राची नक्कल.
खेकड्याचे चित्र (जिवंत) आणि खेकड्याचे चित्र (दगडातील), गल्लत होऊ नये म्हणून.

ता. क.

अर्ज पुरा झाला होता. शंकर पोस्टमन बेटाच्या दुसऱ्या टोकाला ओहोटीची वाट पाहत बसले असल्याने पुढचे लिहायला वेळ मिळाला, आणि लिहिणे जरूर झाले आहे.

सही करताना कागद उडू लागला म्हणून सौ. सुनीतीला तो धरायला सांगितला. धरता धरता तिने तो वाचला. पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग चुलीपाशी जाऊन राख सारली, ओंजळभर पाणी आणून दगड पुसला आणि बराच वेळ त्या खेकड्याकडे बघत राहिली. बोटाने एकेक पाय चाचपला. मग मला म्हणाली, "ह्या तुमी माका कधी दाखवलात? पोरांका दाखवलात, पुण्याच्या मास्तरांका फोटो धाडलात. माका सांगलात, दगडार काम आसा."

साहेब, ते खरे आहे.

त्या वेळी बाकीची मंडळी विहिरीचे पाणी आणायला पलीकडच्या अंगाला गेली होती. सुनीतीने पेटती लाकडे उचलली, तिन्ही धोंडे उचलले आणि चूल चार हात पलीकडे वाळूत मांडली. मी अडवायला गेलो तर माझा हात बाजूला केला. मग पदर डोक्यावर घेऊन हात जोडले आणि म्हणाली, "देवा महाराजा, चूल मी हलवलंय. काय राग आसात तो माज्यार काढ. गावाक बोल लावू नको." तिने हे मोठ्याने म्हटले. माझ्याखेरीज कोणी ऐकले नाही.

तडा मागच्या पायाच्या अलीकडे थांबला आहे. दगड वाचला. तरी अर्ज मागे घेत नाही. उलट आता तो जास्त निकडीचा समजावा. सरकवलेली चूल संध्याकाळपर्यंत सगळ्यांना दिसेल. उद्या दुपारी कौल उजवा पडला तर कोणी विचारणार नाही. डावा पडला तर आजवर जे खेकड्याचे नाव घेत होते ते तिचे नाव घेतील, आणि मग गावात एखादे जनावर आजारी पडले तरी वर्षभर घेत राहतील. दगडाचे काय व्हायचे ते होवो, पण हे होता कामा नये. म्हणून माणूस सकाळीच पाठवावा. शक्य नसल्यास आपण स्वतः यावे, मी पायांवर डोके ठेवीन.

आणि एक. हे शेवटचे पान कृपया फायलीला लावू नये. उद्या कौल काहीही होवो, मी सर्वांना चूल मी हलवली असे सांगणार आहे. आपल्याकडे कोणी चौकशीला आल्यास आपणही तेच सांगावे.

चूल अर्जदाराने हलवली.

स. ज. आ.