मस्कतहून आलेलं मशीन

५ ऑक्टोबर १९८६, रविवार
सुहासची पेटी आली. मस्कतला त्याच्या खोलीत राहणाऱ्या मित्राने बोटीने मुंबईला पाठवलेली, तिथून ट्रकने खेडला. स्टँडमागून हातगाडी करून घरी आणली. एप्रिलात पोरगा गेला. रस्त्यावरचा अपघात. अग्नीही तिथेच दिला. आपल्या हाती आलं ते हे.
ही, सुहासची आई, पेटीजवळ फिरकली नाही. सूनबाईने, शैलाने, दोरी कापली. वर कपडे, दाढीचं सामान. तळाला एक पिवळं मशीन, खाली चाकं, लांब नळी, पुढे बंदुकीसारखा दांडा.
“बाबा, काय हो हे?”
मला कुठलं ठाऊक. आतून ही म्हणाली, “शेवाळ धुवायचं मशीन आहे. विजेवरचं. झाकून ठेवा.”

७ ऑक्टो.
मशीन पडवीत, वर चादर. ही अंगणात फतकल मारून काथ्याने कोबा घासते आहे. दर वर्षी पाऊस सरला की हेच. गेल्या रजेत सुहासने हातातला काथ्या ओढून घेतला होता. “पुढल्या खेपेस मशीन आणतो, आई. नुसतं उभं राहायचं.”
म्हटलं, आता आहे तर वापर. ही कंबर धरून उठली, पुन्हा बसली.

१२ ऑक्टो. दसरा
यंदा तोरण नाही. मी ड्यूटी मागून घेतली. एस.टी. स्टँडवर कंट्रोलच्या खिडकीत बसून गाड्या पुकारल्या की डोकं गुंतून राहतं.
दुपारी घरी येतो तर शै. मशीनपुढे उकिडवी. तिकडच्या प्लगच्या पिना चपट्या, तो कापून आपला बसवलान. माहेरी वेळणेश्वरला भावाचं पंपदुरुस्तीचं दुकान, तिथे शिकलेली. टाकीची नळी जोडली, बटण दाबलं. मशीन नुसतं गुरगुरलं. व्होल्टेज कमी. मग एकदम पाणी सुटलं! जांभ्याच्या पहिल्या पायरीचा कोपराच उडाला, लाल पाणी वाहिलं. दुसऱ्या पायरीला तिने दांडा लांब धरला. काळं निघून आतला तांबडा दगड वर आला. मग अंगणाकडे वळली, अर्धा कोबा पांढरा झाला. शै. हसली. मोठ्याने. एप्रिलपासून घरात कोणी हसलं नव्हतं.
ही दारात. “बंद कर. ज्याने आणलंन त्याच्या हातांनी चालू व्हायचं होतं ते.”
शै.ने बटण बंद केलं. आत गेली. रात्री जेवणं नावापुरती.

१५ ऑक्टो.
अर्धं अंगण पांढरं, अर्धं काळं. येणारा जाणारा बघतो. सासू-सुनेचं बोलणं बंद. दोघींचे निरोप माझ्यामार्फत. “मीठ संपलंय म्हणावं.”

१९ ऑक्टो., रवि.
सकाळी ही आपणहून म्हणाली, “ते अर्धं अंगण बरं नाही दिसत.” शै.ने माझ्याकडे पाहिलं. मी पेपरात तोंड घातलं.
मशीन सुरू झालं. थोड्या वेळाने ही पदर खोचून पुढे, “दे इकडे.” दांडा मागे झटका देतो, म्हणून शै.ने पाठीमागून तिचे हात धरले. दोघी चिंब. ही वळून न बघता म्हणाली,
“त्याला कसं गो माहीत हे असलं मशीन?”
शै. म्हणाली, “रोज हेच करायचे ते तिथे. वर्कशॉपात ट्रक धुवायचे. उन्हात.”
आम्हाला स्टोअरमध्ये कारकून आहे म्हणून सांगितलेलं. टेबल आहे, पंखा आहे. मी डेपोत चार लोकांना तेच सांगत आलो.
“तुम्हाला सांगू नको म्हणाले होते.”
हिने हात थांबवला नाही. अंगण झालं, पायऱ्या झाल्या, कुंपणाचा दगडी गडगा झाला. धुण्यासारखं काही उरलं नाही तरी पाणी मारत होती. शेवटी मीच बटण बंद केलं. तोंडावरचं पाणी पुसलंन नाही, तशीच बसून राहिली. शै. शेजारी.

२५ ऑक्टो.
शेजारच्या काकूंच्या पायऱ्या शै.ने धुवून दिल्या. बाजारात कानावर आलं, “विधवा बाई बंदूक घेऊन दारोदार फिरते.” घरी येऊन सांगितलं. ही म्हणाली, “फिरू दे.” संध्याकाळी दोघींनी एका ताटलीत पोहे खाल्ले.

२ नोव्हेंबर
शै.चा भाऊ आला. भाऊबीजेला न्यायला. मला गडग्याशी बाजूला घेतलं. शै.साठी एक स्थळ आलंय. लोट्याला एका कारखान्यात फोरमन आहे, बायको बाळंतपणात गेली, मुलगी लहान. माणूस चांगला. वेळणेश्वरला घरी तिला बघायला येणार आहेत. “तिला अजून काही बोललो नाही. आधी तुमचा शब्द हवा, मामा.”
हिला विचारून सांगतो म्हटलं. विचारलं नाही.
पोरीचं वय तेवीस. लग्नानंतर महिना, मग एक रजा. एवढाच संसार. योग्य काय ते मला समजतं. पण ती विहिरीवरून येते, कळशी ठेवते, तेवढ्यापुरता सुहास घरात आहे असं… नको.

३ नोव्हें.
सकाळी हिला सांगितलं. ही विळीवर होती. चिरता चिरता म्हणाली, “आधी तिला सांगा. गाय दाखवतात तशी नेऊन उभी करू नका.”
शै.ला सांगितलं. “दादाच्या तोंडावरून कळलंच होतं मला.” निघताना हिच्या पाया पडली. हिने पाठीवर हात ठेवला तो उचलेना.
मी ड्यूटीवर. त्यांची गुहागर गाडी मीच पुकारली. गाडीत ती बसली होती त्या खिडकीशी गेलो.
“बाबा, मी हो म्हटलं, तर मग ह्या घरी यायचं की नाही?”
कंडक्टरने डबल बेल दिली. मी म्हटलं, “पोचलीस की निरोप पाठव.”

६ नोव्हें.
निरोप नाही.
हिने विचारलं, “जाताना काय बोलली?” सांगितलं.
“मग तुम्ही काय म्हणालात?”
“गाडी सुटली.”
“गाडी तुमच्याच हातात असते हो.”

९ नोव्हें.
काल गुहागरच्या ड्रायव्हरकडून निरोप आला. पाहुणे येऊन गेले. शै. अजून हो म्हणत नाही की नाही म्हणत नाही. बरी आहे. पण धड जेवत नाही.
उद्याची रजा टाकली. वेळणेश्वरला जाऊन येतो म्हटलं. ही म्हणाली मीही येते. एप्रिलनंतर अंगणाबाहेर पडली नव्हती.
आता पिशवी भरते आहे. नारळ, कुळथाचं पीठ. मग ट्रंक उघडून शै.ची लग्नातली हिरवी साडी काढलीन. घडीवरून हात फिरवून पिशवीत तळाला ठेवली.
“ही कशाला?”
“तिची आहे.”
तिला आणायला निघालोय की साडी द्यायला, ते मी विचारलं नाही. हिलाही ठाऊक असेल असं वाटत नाही. सकाळची पहिली गाडी धरायची. येताना आम्ही किती जणं असू…